थोरलीची नजर

प्रिय धाकटे,

तशी मी तुझी सवतही नाही, मी घर सोडल्यावर दोन वर्षांनी तू आलीस. तरी माझं पत्र म्हणून फाडशील, त्याआधी वाच. मंगळवारी दवाखान्याच्या जिन्यात मला पाहून तू दोन्ही हातांनी पोट झाकलंस. राग नाही आला. आपल्या सासूबाईंनी (तुझ्या आत्ताच्या, माझ्या पूर्वीच्या) काय सांगितलं असेल, ते मी घरबसल्या म्हणून दाखवीन: थोरलीला मूल नाही, तिची नजर वाईट. खोटं कशाला बोलू, तुला पाहून काळजात चर्र झालं. पण हेवा वाटणं वेगळं आणि वाईट चिंतणं वेगळं.

परवा माझ्या पाळीला वॉर्डात नातीच्या बाळंतपणाला एक ज्यू आजीबाई येऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे एक जुनी गोष्ट आहे. हव्वेच्या आधी एक बाई होती, लिलिथ. आदमला ज्या मातीतून घडवलं, त्याच मातीतून तिलाही. म्हणून ती त्याच्या हुकमात राहीना. बरोबरीने वागव म्हणाली, त्याला पटेना, तर सरळ निघून गेली. मग लोकांनी तिला बाळं पळवणारी हडळ ठरवलं. तिने येऊ नये म्हणून आजीबाईंच्या लहानपणी बाळंतिणीच्या खोलीत मंत्राचे कागद चिकटवत. मी इतकी हसले, की डॉक्टरीणबाईंनी डोळे वटारले. मलाही तुझ्या नवऱ्याने दवाखान्यातली रात्रपाळी सोड म्हटलं, तेव्हा मी घर सोडलं. माणूस वाईट नाही ग तो, फक्त त्याला ‘नाही’ ऐकायची सवय नव्हती. तू लावलीस का?

आता मुद्द्याचं. तुझं बाळ पायाळू आहे, रिपोर्ट मीच फाइलला लावला. आणि कळा सुरू झाल्या की माझ्या नजरेच्या भीतीने तुला चार तासांवरच्या शहरात न्यायचं ठरलंय, असं सासूबाईच आमच्या आयाबाईंना सांगून गेल्या. वाटेत अडलेल्या अशा दोघी एकोणीस वर्षांत माझ्यापुढे आल्या. दुसरीचं बाळ हाती लागलं नाही. पायाळू बाळाला सोडवायला आमच्या डॉक्टरीणबाईंसारखा हात नाही, आणि त्यांच्या शेजारी उभी राहायला माझ्यासारखी बाई नाही, हे छातीठोकपणे सांगते. तू इथेच ये, आणि कळांची वाट न बघता आधीच ये. मी नकोच असेन, तर रजेचा अर्ज लिहून ठेवलाय, तारीख तेवढी कोरी आहे. तू कळव, त्या दिवशी मी दवाखान्याची पायरीही चढणार नाही.

तुझीच,
थोरली