न्हाणीतला करंट

२ डिसेंबर, सोमवार

सोनमला आज न्हाणीत शॉक बसला! नळाला हात लावला आणि अशी किंचाळली की अख्खं हॉस्टेल जागं झालं. मी दार ढकलून आत गेले तर ही टॉवेल गुंडाळून भिंतीला चिकटलेली, दात वाजतायत. "सबी, मेलोच असतो की गं मी!"

रेक्टर शेवंताबाई आल्या. काय म्हणाल्या? "चप्पल घालून जावा म्हणून किती येळा सांगितलं? कानात बोळं घातल्यात काय?"

बस्स. गीझरकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

३ डिसेंबर

न्हाणीच्या दारात आता रबरी चपलांचा एक जोड ठेवलाय. सगळ्या पोरींना मिळून एक! शेवाळलेला, बुळबुळीत, पट्ट्यात कुणाकुणाचे केस अडकलेले. पाय घातला आणि लगेच काढला. सोनम मात्र मुकाट घालते. "आमच्या शाहूवाडीत थंडीत गार पाण्यानं न्हाऊन बघ, मग बोल," म्हणते.

शी!

५ डिसेंबर

कॉलेजच्या लॅबमधून मल्टिमीटर मागून आणला. तिसऱ्या वर्षापर्यंत फिजिक्स शिकून चपलांवर भरवसा ठेवायचा तर शिकायचं कशाला?

गीझर चालू ठेवला. खिडकीतून वायर टाकली आणि नळ ते मागच्या बोअरचा जमिनीत खोल गेलेला लोखंडी पाइप असं मोजलं. ९२ व्होल्ट. नळाला!

शेवंताबाईंना आकडा दाखवला. "त्या खेळण्याला काय कळतंय?"

राग आला. पण तेवढं त्यांचं चूक नाही. नुसता मीटर कधीकधी फसवतो. व्होल्ट दाखवतो, पण माणसाला धक्का बसेल एवढा करंट त्यामागे नसतोच. तो आहे की नाही, ते वेगळं बघायला हवं.

७ डिसेंबर, शनिवार

बघितलं.

मेन बंद करून नळ आणि पाइप यांच्यामध्ये पंधरा वॅटचा बल्ब जोडला. मग मेन चालू. बल्ब पेटला! लालसर, मिणमिणता, पण पेटला. मीटर एकच, म्हणून आधी व्होल्ट मोजले, परत मेन बंद करून जोडणी बदलली, मग करंट. ८० व्होल्ट. ४० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०४ अँपिअर.

व्होल्टला अँपिअरनं भागलं — दोन हजार ओहम. हा बल्बचा रोध. दोन्ही गुणले — ३.२ वॅट.

सोनम हसली. "तीन वॅट? एवढ्यानं काय हुतंय? गीझर तर दोन हजाराचा हाय."

म्हटलं, वॅट नको बघू, अँपिअर बघ. ओल्या अंगाचा रोध साधारण ह्या बल्बएवढाच धर. म्हणजे बल्ब काढ आणि तिथं स्वतःला उभी कर. तेवढाच करंट तुझ्या छातीतून जाणार. एवढ्यानं काळीज बंद पडू शकतं. त्या दिवशी हात झटक्यानं सुटला म्हणून वाचलीस.

हसायची थांबली. बल्बकडे बघत राहिली.

शेवंताबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्याही बघत होत्या. बराच वेळ. मला वाटलं, आता तरी! तर म्हणाल्या, "बंद कर. वायर गुंडाळ."

चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. माणूस आहे की दगड!

८ डिसेंबर

गीझरचा फ्यूज काढून माझ्या बॅगेत टाकला.

आंघोळीच्या वेळी कालवा झाला. "लई शहाणी लागून गेली!" "तू न्हा की गार पाण्यानं!" मेसमधून परत आले तर ती चप्पल माझ्या उशीवर. ओली. उशीची खोळ तीनदा धुतली तरी वास जात नाही.

१० डिसेंबर

संस्थेचे अध्यक्ष उदयसिंह सरकार आले. आल्या आल्या बेसिनमध्ये मावा थुंकले, पाणीही सोडलं नाही. मग मला ऑफिसात बोलावलं.

"इतकी वर्षं कोण मेलं न्हाय. तू आल्यावरच बरा करंट आला?"

मी म्हटलं, गीझरच्या मागे या, दाखवते. अर्थिंगची वायर तोडून वर चिकटपट्टी गुंडाळलीय. इथं दीडशे रुपयांचा वायरमनसुद्धा—

"हिच्या बापाला बोलवा. म्हणावं, लेकीला घरी न्हाऊ घाला."

शेवंताबाई हात जोडून शेजारीच. त्यांनी बल्ब बघितला होता! स्वतःच्या डोळ्यांनी! आणि काय म्हणाल्या? "व्हय सरकार."

फ्यूजही त्यांनीच माझ्याकडून मागून घेतला. किळस आली. त्या बेसिनची आली नाही एवढी.

११ डिसेंबर

अब्बा आले. बॅग उचलली. एक पिशवी शेवंताबाईंनी उचलली. रिक्षापर्यंत आणली. मी हिसकावून घेतली.

"पोरी," म्हणाल्या.

मी तोंड फिरवलं. सोनम रडत होती म्हणून खाली आली नाही.

१४ डिसेंबर, कागल

कागलहून रोज एसटीनं कॉलेज. अम्मी चुलीवर पाणी तापवते. धुराचा वास येतो अंगाला. चालेल.

उदयसिंहांचा फोटो पेपरात — कुठल्याशा वसतिगृहाचं उद्घाटन. त्या पानावर भाजी निवडली.

१८ डिसेंबर

सोनमचा फोन. शेवंताबाई गेल्या. न्हाणीत. सकाळी.

"फ्यूज परत बसवल्यापासनं रोज आमच्या आधी आत जायच्या गं. बिनचपलीच्या. करंट रोज येतोच असं न्हाई, म्हणून ओल्या हातानं नळ धरून बघायच्या, मग आमाला म्हणायच्या, जावा आता. एकदा मी इचारलं, बाई, कशाला? तर म्हणाल्या, 'तुझ्या मैत्रिणीचा दिवा मी बघितलाय.'"

मग बराच वेळ नुसतीच रडली.

"सबी, आज जावा म्हणाल्याच न्हाईत."