दुसरं पान

१९ डिसेंबर १९९८, शनिवार

संपाचा एक्कावन्नावा दिवस. धुकं इतकं, की फाटकासमोर तंबूत बसून फाटक दिसत नव्हतं! नोएडातला आमचा हा पंपांचा कारखाना जणू कुणी खोडरबरानं पुसून टाकलाय. आत माझं लेथ गार पडलं असेल. एकोणतीस वर्षांत त्याला एवढी सुट्टी कधी मिळाली नव्हती.

बारा दिवस राहिले. एकतीसला मी रिटायर. आमच्या खात्यात एक रीत आहे — शेवटच्या दिवशी माणूस आपला पितळी बिल्ला स्वतःच्या हातानं हजेरीच्या फळीवर टांगतो, आणि त्याच क्षणी सगळे जण आपापल्या मशीनवर स्पॅनरनं एक ठोका देतात. एकच! शाळा सुटल्याच्या घंटेसारखा. किती जणांसाठी मी तो दिला. आणि माझ्या वेळी मी इथे सतरंजीवर?

श्याम म्हणाला, "टेंट में ही रिटायर हो गए तो हम बाल्टी बजा देंगे, मास्टरजी!" सगळे हसले. मीही. मग जवळ सरकून म्हणाला, "गेट खुल गया न, तो सबसे ज़ोर से मैं बजाऊँगा."

सात वर्षांपूर्वी याला टूलला धार कशी लावायची ते मी शिकवलं. आता हात माझ्यापेक्षा बरा आहे त्याचा.

२१ डिसेंबर

कंपनीचा प्रस्ताव आला! हिंदीत टाईप केलेला, कागद एकच. युनियनचे सेक्रेटरी दिलीपजी म्हणाले, "मास्टरजी, आप पढ़ो. आपके गले में बात बनती है."

खरं लिहायचं तर हरखलो. फलटणच्या शाळेत कविता म्हणायला गुरुजी मलाच उभं करायचे. "पान संपलं की मान वर कर. समोर बघ. मग पान उलट." दहाव्या वर्षी लागलेली सवय. चिंचेखाली भरलेला तो वर्ग, खडूचा वास, आणि पोरं अशी गप्प की पाखरू उडालेलं ऐकू यावं — आज तंबूत अगदी तसंच झालं. पगारवाढ. संपाबद्दल कुणावर कारवाई नाही. अठ्ठावीसपासून सर्व कामगार कामावर. पान संपलं. मी मान वर केली — आणि टाळ्या! कुणी ढोलक घेतली, कुणी मला कमरेला धरून उचललंच. तीन कप चहा पाजला.

रविवारी हात वर करून कौल. अठ्ठावीसला फाटक उघडलं तर एकतीस माझी!

मयूर विहारच्या बसमध्ये उभ्यानं गुणगुणत आलो.

२२ डिसेंबर

कागद माझ्याच कोटाच्या खिशात राहिला होता. सकाळी काढला.

त्याला मागची बाजू आहे.

कलम नऊ. ज्यांची नोकरी दहा वर्षांपेक्षा कमी, ते एक जानेवारीपासून ठेकेदाराकडे. कायम नोकरी संपली. तशी पत्रं त्यांना देण्यात येतील.

म्हणजे श्याम. आणि त्याच्यासारखे चाळीसेक जण. आणि काल सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या यांतल्याच पोरांनी!

गिरिजा म्हणाली, "अहो, चहा गार झाला. काय झालं?"

म्हटलं, "धुकं फार आहे."

२३ डिसेंबर

दिलीपजींना बाजूला नेलं. वाटलं, हादरतील. त्यांनी विडी पेटवली.

"मालूम है."

मी कागद उलटून कलम नऊवर बोट ठेवलं.

"पूरा सुनाओगे तो सब ना बोलेंगे. फिर कितने दिन? दो सौ घरों में चूल्हा मुश्किल से जल रहा है, मास्टरजी. चालीस को बचाने में दो सौ डूबेंगे. बाकी गला आपका है. सुनाना हो तो सुना दो."

कागद पुढे केला. घेतला नाही. "आप ही रखो."

बसमध्ये विचार करत होतो — वाचायला मलाच का दिलं? माझ्या गळ्यासाठी, की मी पानाच्या शेवटी थांबतो म्हणून? इतकी वर्षं गेट-मीटिंगमध्ये वाचून दाखवतोय. माझं थांबणं त्यांना पाठ असणार.

२४ डिसेंबर

आज सांगणार होतो.

नाही सांगितलं.

२५ डिसेंबर

नाताळची सुट्टी. सलोनीला महाराष्ट्र मंडळाच्या स्पर्धेसाठी कविता बसवून देतोय. नात माझी, पण अर्धी मराठी दिल्लीनं खाल्ली. 'सांजवेळ' म्हणजे काय, तेही विचारते! पान भराभरा उलटत होती. ओरडलो, "थांब! आधी मान वर!"

"पण आजोबा, थांबलं की लोकांना वाटतं संपली, यार!"

"आजोबांना यार म्हणतात का गं?" गिरिजा स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी पुस्तक मिटलं. नीट झोपसुद्धा नाही हल्ली. बाल्कनीत जातो, आत येतो, पुन्हा जातो.

२६ डिसेंबर

श्याम आला, बर्फीचा डबा घेऊन. "लड़की हुई, मास्टरजी!" सोमवारपासून बायकोपाशी इस्पितळात होता. वाचन झालं तेव्हा नव्हताच. "सब कहते हैं, क्या पढ़ा आपने! मुझे भी सुना दो न."

शेकोटीजवळ बसलो. वाचलं. पान संपलं. मान वर केली. तो तळवे शेकत माझ्याकडेच बघत होता.

मी कागदाची घडी घातली.

"बस?"

"बस."

"तो फिर हाँ ही है, मास्टरजी."

सोमवारी झाली ती चूक होती. आजची चूक नव्हती.

दोनशे घरं, दोनशे घरं — परत येताना वाटभर घोकलं. पण घडी घालताना कानात काय वाजत होतं? घरं नव्हेत. लोखंड! वहीशी खोटं बोलून काय करू.

बर्फी गिरिजाला दिली. मला गेली नाही.

२७ डिसेंबर, रविवार

कौल. हातांचं रान उठलं. श्यामनं दोन्ही वर केले. दिलीपजी ओरडले, "ओए, इसका एक ही गिनो!" केवढा हशा!

कागद माझ्या आतल्या खिशात. कुणी मागितला नाही. मीही हात वर केला.

२८ डिसेंबर

फाटक उघडलं. लेथवर गंज चढला असेल म्हणून घाईनं गेलो, तर ते चकचकीत. माझ्याआधी येऊन श्यामनं तेलानं पुसून ठेवलं होतं.

२९ डिसेंबर

काम केलं.

३१ डिसेंबर, गुरुवार

बिल्ला टांगला. ठोका पडला. एकच.

श्यामनं सगळ्यांत जोरात दिला — स्पॅनर हातातून उडाला त्याच्या, केवढा हसला!

पत्रं उद्या वाटणार आहेत.