ऐंशीच्या आत

३ मार्च, सोमवार
गोदामात पोती मोजायच्या काट्यावर उभा राहिलो. चौऱ्याऐंशी. बूट काढले तरी चौऱ्याऐंशीच. काटा जुना आहे.
इमारतीच्या काचा पुसायच्या टांगत्या पाळण्यावर पाटी आहे : दोन माणसं, एकशेसाठ किलो. शाळा सहावीत सुटली, पण भागाकार येतो. माणशी ऐंशी. एकवीस तारखेला साहेब वजन घेऊन आमच्यातल्या जुन्या काकांच्या जोडीला एकाला वर पाठवणार. काकांची दोरावर सतरा वर्षं झाली, आणि आता ते स्वतःच दोरासारखे दिसतात. मी खाली बादल्या भरतो आणि लोकांना बाजूने जा म्हणतो. घरी मात्र मी दोन वर्षं वरच आहे. पाळण्यातला फोटो आईला पाठवलाय. पाळणा तेव्हा जमिनीवर टेकलेला होता, ते फोटोत येत नाही.
आजपासून चपाती बंद.

३ मार्च, रात्री ९
चपात्या चारच खाल्ल्या.

५ मार्च
खोलीतल्या वेल्डरने चहाच्या पुड्यांचं पाकीट दिलं. वजन उतरवायचा चहा, सगळा पाल्याचा. त्याच्या मेव्हणीने घेतला होता. मेव्हणी आता कशी आहे विचारलं, तर म्हणाला बरी आहे आता. पाला म्हणजे औषधसुद्धा नाही, नुसती भाजी. रात्री एक कप घेतला.

६ मार्च, पहाटे ४
चौथ्यांदा जाऊन आलो. चहा कामाला लागला.

९ मार्च, रविवार
ब्याऐंशी! चरबी नुसती वाहून चाललीय.
ताईला फोनवर सांगितलं. ताई औषधांच्या दुकानात कामाला आहे, तिला सगळ्यात रोगच दिसतो. पाकिटावर काय काय लिहिलंय ते वाचायला लावलं. सोनामुखी वाचल्याबरोबर ओरडली. ते पोट साफ व्हायचं औषध आहे, आठवड्याच्या वर घ्यायचं नसतं, त्याने चरबी जात नाही, अंगातलं पाणी आणि क्षार जातात, हृदयाचे ठोके चुकतात. मी म्हटलं, ताई, तू आधी स्वतः बारीक हो. तिने फोन ठेवला.
पाकिटामागे तेच बारीक अक्षरात छापलंय. महत्त्वाचं असतं तर मोठ्या अक्षरात छापलं असतं.
पाकीट भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

१३ मार्च
काटा ब्याऐंशीवर अडलाय. एका पुडीने आता पोट हलत नाही. अंगाला सवय झाली असणार. दोन पुड्या.
रात्री पोटरीत गोळा आला, उशी चावली. चरबी सुटताना दुखणारच.

१६ मार्च, रविवार
एक्याऐंशी. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून हळू उठायचं ठरवलं. बसूनच राहिलं तर अजिबात येत नाही.
काकांनी विचारलं, तोंड का उतरलंय. मी म्हटलं, वजन उतरलंय. ते म्हणाले, "तुला कोणी सांगितलं उतरवायला?" म्हातारी माणसं जळतात. विषय बदलला.

१९ मार्च
तीन पुड्या. पाणीसुद्धा कमी केलं, पाण्याला वजन असतं.
छातीत मधूनच काहीतरी फडफडतं आणि थांबतं. परत सुरू होईपर्यंत मी मोजतो. वर जायचा आनंद असावा.

२१ मार्च, शुक्रवार
झालं! सकाळी एकट्याने वजन केलं. साडेएकोणऐंशी.
साहेबांनी मात्र मला आणि काकांना काट्यावर एकदमच उभं केलं. वेळ वाचवायला असेल. आकडा नीट बघितलाही नाही, नुसती मान हलवली. सोमवारपासून वर. आईला फोन केला. ती म्हणाली, तू तर आधीपासूनच वर आहेस ना? मी म्हटलं, आता आणखी वर.

२४ मार्च, सोमवार, जेवणाच्या सुट्टीत
गच्चीवर बसून लिहितोय. सकाळी बारावा मजला झाला. पाळण्याच्या दोन्ही टोकांना एकेक बटण असतं. दोघांनी बरोबर दाबायचं, बरोबर सोडायचं, नाहीतर पाळणा तिरका होतो. दोनदा तिरका झाला. बोटांना मुंग्या येतात, बटण दाबलंय की नाही कळत नाही. काका म्हणाले, खाली जा, आजचा दिवस झोप. पहिल्याच दिवशी खाली गेलो तर कायमचा खालीच.
वर संडास नाही, म्हणून सकाळपासून काही खाल्लं नाही, प्यायलोही नाही. तरी पोटात पीळ पडतोय. दोराला बांधायचा सुरक्षेचा पट्टा पोटावर दाबतो म्हणून त्याची कडी सोडून ठेवलीय. वरून जाकीट घातलंय, काकांना दिसत नाही.
दोन वाजता परत पाळण्यात. अजून अर्धी भिंत बाकी.

२९ मार्च, शनिवार, हॉस्पिटल
आज पेन धरता येतंय.
बटण माझ्या हातून सुटलं, एवढंच आठवतं. माझं टोक थांबलं, काकांचं खाली गेलं, आणि मी कठड्यावरून अर्धा बाहेर. काकांनी जाकीट धरलं. खालच्यांनी गच्चीवर येऊन यंत्राची चावी हाताने फिरवून पाळणा उतरवेपर्यंत एका हातावर धरून ठेवलं. डॉक्टर म्हणतात, पोटॅशियम इतकं कमी झालं होतं की हृदय केव्हाही थांबलं असतं. पाच दिवस सलाईन.
काका शेजारच्याच खाटेवर आहेत. खांदा निखळून आतलं सगळं फाटलंय. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, हात डोक्याच्या वर आता जाणार नाही.
सकाळी नर्सने माझं वजन केलं. काकांनी विचारलं, किती भरलास. खरं सांगितलं. त्र्याऐंशी.
ते म्हणाले,
"पाटी दोघांची मिळून असते रे. मी बासष्ट किलोचा. तू चौऱ्याऐंशीचा असतास, तरी चौदा किलो उरले असते."
मी मनात बेरीज केली. मग वहीत केली.
बरोबर येते.