द्राक्षांवर पाय देण्याआधी

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तेव्हा तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आता लिहितेय, कारण सकाळच्या वेळी इथे बोलायला कोणी नसतं. मुलगा कंपनीत, सून तिच्या ऑफिसात, नात शाळेत, आणि मी ओमानमधल्या सोहारच्या या फ्लॅटमध्ये एसीच्या घरघरीशी गप्पा मारत बसलेली. चौथीपर्यंत शिकवलंस, तेवढ्यात माझं अक्षर गोल झालं होतं, मास्तर म्हणायचे. आता बघ कसं पळतंय. हाताचा दोष नाही, जीवच जाग्यावर नाही. लिहायला बसल्यापासून एकदा गॅस बघून आले, एकदा बॅगेची चेन बघून आले, एकदा उगीचच गॅलरीत जाऊन उभी राहिले.

तर आम्ही पोर्तुगालला चाललोय. ईदची सुट्टी आहे मोठी, शाळा बंद, कंपनी बंद. दरवर्षी गावी जातो, पण यंदा तुझ्या नातवाने ठरवलं की आईला जग दाखवायचं. तुला तो आठवतो तो शेंबडा, तुझ्या पदराला धरून हिंडणारा. आता अॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, डोक्यावरचे केस निम्मे गेलेत. इथे समुद्राकडेला एक पांढरा किल्ला आहे. संध्याकाळी आम्ही तिकडे फिरायला जातो. त्या किल्ल्यात म्हणे फार पूर्वी पोर्तुगीज येऊन राहिले होते. मुलगा म्हणाला, ते न बोलावता सगळ्यांच्या घरी गेले, आता आपण तिकीट काढून त्यांच्याकडे जाऊ. सून हसली. मी पण हसले, पण माझं लक्ष त्याच्या मोबाईलवर होतं. त्यात हॉटेलचे फोटो होते.

हॉटेल कसलं, माय, दारूच्या द्राक्षांची बाग आहे ती. डोंगराला पायऱ्या पाडून पार वरपर्यंत वेली लावलेल्या, खाली दोरू नावाची नदी, आणि मधोमध बागेच्या मालकाचा जुना बंगला. त्या बंगल्यात आता पाहुण्यांना ठेवतात. मांडव नाहीत आपल्यासारखे, कमरेएवढ्या वेली रांगेत उभ्या. खोलीतल्या न्हाणीघरात पांढरा टब, आणि टबात बसलं की खिडकीतून बाग दिसावी अशी सोय. ते बघून मी विचारलं की बागेतल्या बायकांना टबातलं माणूस दिसत नाही का. सून म्हणाली, "आई, तुम्ही पडदा लावा." झालं. बायकांचं कोणी सांगितलंच नाही.

व्हिसासाठी मस्कतला गेलो. तिथल्या मुलीने माझी बोटं काचेवर ठेवली तर ठसेच उमटेनात. पुसली, पुन्हा ठेवली, क्रीम लावलं, पुन्हा ठेवली. सगळी रांग माझ्याकडे बघतेय. शेवटी कसेबसे आले. मला तुझी आठवण झाली. तुझी बोटं असती तर त्या पोरीने मशीनच बदललं असतं. औषधाच्या डब्यात घड बुडवून बुडवून ती चामड्यासारखी झाली होती, आणि कात्रीची जागा तर कायमची दबलेली.

हे सगळं छान आहे गं. मी खूश आहे, खोटं कशाला बोलू. घरमालकाची म्हातारी खालच्या मजल्यावर राहते, इथून जवळच्या सहम गावची आहे, तिला पण सांगून आले. ती अरबीत बोलते, मी मराठीत, आणि आमचं सगळं नीट कळतं. सुनेने बजावलं होतं की तिच्यासमोर दारूचं नाव नको, म्हणून मी हाताने घड करून दाखवला. म्हातारीला वाटलं मी बेदाणे आणायला चाललेय. "इन्शाल्ला," म्हणाली आणि आपल्यासाठी पण आण अशी खूण केली. आता कुठून आणायचे तिथे बेदाणे, कोण जाणे.

पण झोप लागत नाही, ती वेगळ्याच गोष्टीने. मुलाने तिथे माझ्यासाठी एक कार्यक्रम घेतलाय. द्राक्षं काढण्याचे दिवस आहेत, आणि त्या बंगल्यात अजून पायाने द्राक्षं तुडवतात. दगडी हौद असतो, त्यात घड ओततात, आणि पाहुण्यांनी चड्डी घालून आत उतरायचं. मुलगा कौतुकाने सांगत होता, नात टाळ्या पिटत होती, आणि माझ्या पायाला मात्र तुझी चापट लागली. आत्ताही लागतेय बघ, पोटरीवर, उजव्या.

मी किती असेन तेव्हा, सात-आठ. काढणीचे दिवस होते म्हणून तू मला मालकाच्या मळ्यात बरोबर नेलंस. मांडवाखाली हिरवा उजेड, तुझ्या डोक्यावर पानांची सावली, आणि खाली गळलेले भोकरी द्राक्षांचे दाणे. मी एका दाण्यावर पाय दिला. फुटला. बोटांच्या मधून गार रस आला. मी दुसऱ्यावर दिला, तिसऱ्यावर दिला, मग नाचायलाच लागले. तू पाटी खाली ठेवलीस आणि वाकून अशी लगावलीस की मी तिथेच बसले. "ज्याच्यावर आपलं पोट हाये, त्याच्यावर पाय देती का गं?" मग मला वाकायला लावलंस. दाण्यांना हात, हात कपाळाला. चिकट कपाळ घेऊन मी दिवसभर तुझ्या मागे हिंडले. मुंग्या आल्या होत्या.

दुपारी मालकीणबाईंनी आपल्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. घडांना आपला हात चालायचा, माठाला चालायचा नाही. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं, तहान लागली होती इतकंच. आता मोठेपणी वाटतं, त्या मळ्यात दोन वेळा वाकायला लागायचं, आणि त्यातलं एक वाकणं तुला मान्य होतं.

आणि दुसरं म्हणजे दारू. दीक्षा घेतल्यावर तू बापाची बाटली उकिरड्यावर फोडलीस आणि पंचशील म्हणताना शेवटचं शील सगळ्यात मोठ्याने म्हणायचीस, बापाला ऐकू जावं म्हणून. मी अजून रोज म्हणते. थेंब चाखला नाही कधी. मग माझ्याच पायांनी दारू करायची का? सुनेला विचारलं तर म्हणाली, "आई, पायांनी नशा चढत नाही." ती बरोबर बोलते, पण ती तुला ओळखत नव्हती. मुलाला नाही म्हणावं तर त्याचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. ठरत नाही माझं. दारावरची बेल वाजली, नात आली वाटतं.

मधे राहिलं ते राहिलंच. आता जाऊन आले, माय. पुन्हा तेच टेबल, तीच घरघर, आणि पाय अजून थांबत नाहीत. लिहिताना टेबलाखाली हलतायत.

दोन विमानं बदलून गेलो. खोलीत मऊ पांढऱ्या चपला, आणि उशीपाशी एक कार्ड. नातीने वाचून दाखवलं, कोणती उशी हवी ती सांगा, मऊ, कडक, पिसांची. मी म्हटलं, माझी गोधडी आहे का विचार. आणली होती मी बॅगेत. नाश्त्याला इतकं काही मांडलेलं की मी नुसता पाव आणि चहा घेतला, आणि तो कप हातात घेऊन कठड्यापाशी गेले. खाली बायका घड काढत होत्या. डोक्याला रुमाल, कमरेत वाकलेल्या. मला खुर्चीत बसवेना. मुलाने दोनदा बोलावलं, आई बस ना, निवांत बस, यासाठीच आलोय. पण त्या वाकलेल्या आणि मी वरून चहा पीत बघणार, हे काही जमेना. कप ठेवला आणि खाली उतरले. त्यांच्यातल्या एकीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. काय बोलणार. मी माझी बोटं दाखवली. तिने हातमोजा काढून आपली दाखवली. मग दोघी हसलो आणि ती पुन्हा कामाला लागली. पाटी उचलायला हात लावावा असं मनात आलं, पण तिच्या कामात लुडबूड कशाला.

संध्याकाळी हौदाच्या खोलीत गेलो. दगडी हौद, मांडीएवढा खोल, काळ्या द्राक्षांनी भरलेला. बाहेर पाण्याचा पाइप आणि साबण होता, सगळ्यांनी पाय घासून घेतले. दोन गोरी जोडपी होती, एक जपानी बाई होती, आणि टोपीवाला एक म्हातारा, तो सगळ्यांना कसं चालायचं ते सांगणारा. मुलगा उतरला, सून उतरली. मी नऊवारीचा कासोटा घट्ट मारून काठावर उभी. कासोटा मारून आले म्हणजे मनात कुठेतरी ठरलंच असणार, पण पाय उचलेना. मी मुलाला तुझी ती चापट कधी सांगितली नव्हती, ती तिथे काठावर उभी राहून सांगितली. त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "आई, मी आजीसाठीच हे घेतलं होतं. तिच्या हातांचा वास मला अजून आठवतो." मग म्हणाला, नको उतरूस, बस तू. ते बस म्हणणं मला फार लागलं.

नातीने माझा हात धरला. तिचं मराठी अडखळतं, शब्द शोधत बोलते. "आजी, पणजी आता बघत नाही."

"बघत नाही ना, म्हणूनच पाय उचलत नाही," मी म्हटलं.

तिला ते कळलं की नाही कोण जाणे, पण तिने हात सोडला नाही. आणि मग मला सुचलं. तू मला वाकायला पाय देऊन झाल्यावर लावलं होतंस. आधी वाकलं तर? मी काठावर गुडघे टेकले, वाकले, दोन्ही हात द्राक्षांना लावले आणि कपाळाला लावले. गार होती. तसाच वास, थोडा आंबूस, पाटीच्या तळाशी यायचा तसा. डोळे मिटले होते. उघडले तर सगळे माझ्याकडे बघतायत. मला वाटलं काही चुकलं. तर त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने टोपी काढली, वाकला, द्राक्षांना हात लावला आणि कपाळाला नेला. त्याला बघून गोरी जोडपी वाकली. जपानी बाई तर इतकी खाली वाकली की तिचे केस रसात गेले. त्यांना वाटलं असणार की हा कार्यक्रमाचाच भाग आहे. नात तोंडावर हात दाबून हसत होती, मुलगा मान फिरवून भिंतीकडे बघत होता. मी कोणाला काही समजावून सांगितलं नाही. कसं सांगणार, आणि का. माय, परदेशातली माणसं तुझ्या शिस्तीने वाकली.

मग उतरले. एका बाजूला नात, एका बाजूला ती जपानी बाई, खांद्यावर हात टाकून रांगेत चालायचं, म्हातारा ताल देतोय. पहिल्यांदा देठ टोचतात. मग दाणे फुटायला लागतात, बोटांच्या मधून. दारूचं म्हणशील तर मी थेंब प्यायले नाही. तुडवल्याचा हिशोब मी वर आल्यावर तू घे.

येताना मस्कतला उतरल्यावर मत्रहच्या बाजारातून बेदाणे घेतले आणि खालच्या म्हातारीला दिले. तिने एक दाणा तोंडात टाकून मान डोलावली, पोर्तुगालचे फार गोड म्हणून. माझ्या पायांची नखं अजून जांभळी आहेत, ती बघून तिने "हिन्ना?" विचारलं, म्हणजे मेंदी का, आणि माझा पाय मांडीवर घेऊन निरखून बघितला. रंग छान चढलाय म्हणून ती खूश झाली.

नात म्हणते, आजी, तू लिहिलेलं मी फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवते. मी नको म्हटलं. हे तुझ्यामाझ्यातलं. घडी करून गोधडीच्या थरात सरकवीन, टाके उसवलेत तिथे, मग टाके घालून टाकीन.

एक राहिलं. दुसऱ्या दिवशी हौदात उतरायचा कार्यक्रम आमचा नव्हता. पण मी त्या म्हाताऱ्यापुढे जाऊन उभी राहिले आणि पायाकडे बोट दाखवलं, आणि तो हसून बाजूला झाला. एकटी उतरले. रांग नाही, ताल नाही. मांडवाखाली नाचले होते तशी नाचले, माय, या वयात, कासोटा भिजेपर्यंत. बाहेर येऊन पाय धुताना आठवलं की आज नमस्कार करायचा राहिला.