कोथरूड की बाणेर

बुधवार, संध्याकाळ

लेकीचा पुण्याहून फोन. दोन महिन्यांनी बाळ येईल, त्याआधी घर ठरवायचंय. कोथरूड की बाणेर? तिनं तक्ताच केलाय: शाळा, पाणी, बाग, ट्रॅफिक. "बाबा, तुमची जीभ तिखट हाय. खरं सांगा."

सांगितलं. कोथरूडात पोर आधी क्लासला जातं, मग चालायला शिकतं. बाणेरात शेजारी कोण, हे वॉचमनला विचारावं लागतं. ती पोट धरून हसली. हसवणं तेवढं मला जमतं.

मग धीर करून म्हणालो, "तक्त्यात कोल्हापूर घाल की. वरच्या खोलीला रंग दिलाय." पिवळा. नात असो, नातू असो, चालेल असा पिवळा.

ती म्हणाली, "बाबा, इथं राहिलीस तर सडशील, असं कोण म्हणायचं मला? दहावीपासून?"

व्हय, मीच. पेपरातल्या माझ्या विनोदी सदरातही दर रविवारी हेच. गावाची टिंगल करत गेलो, आणि गाव टाळ्या देत गेलं. कुणीच मनावर घेतलं नाही. घरातली एक पोरगी तेवढी ते खरं मानत वाढली, हे मला कसं दिसलं नाही? आणि आता पिवळा रंग!

बायकोनं आतून विचारलं, "पहिलं बाळंतपण. त्याला तरी माहेरी येणार न्हवं?"

"न्हाय. तुलाच तिकडं बोलवलंय."

ती बाहेर आली. "आणि तुम्हाला?"

लेकीला मी ते विचारलंच नव्हतं. ती नाही म्हणाली असती तर त्यावर मला विनोद सुचला नसता.