वीज वाचवणारं मशीन आणि सासूबाईंची बाग

३ जून, मंगळवार
निर्णय पक्का. जुना गेम कन्सोल जाणार, नवा स्लिम येणार. चैन नव्हे, वीजबचत! जुना चालू केला की मिक्सर लावल्यासारखा घरघरतो. बायको म्हणाली, खेळायचंय तर सरळ सांगा, विजेला कशाला मध्ये घेता? हिला पर्यावरणाचं काही पडलेलंच नाही.

५ जून, गुरुवार
आणला! काय सडपातळ, काय शांत! जुना दुकानात एक्स्चेंजमध्ये दिला. आधी आतलं सगळं पुसलं, तेही ऑफिसच्या पद्धतीने, कोणाच्या बापाला काही परत मिळू नये असा. ऑफिसात बॅकअपचं काम उगाच नाही माझ्याकडे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मेहुण्याकडून सासूबाईंचा फोन. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गेल्या महिन्यापर्यंत आमच्याकडेच होत्या, तेव्हा मीच त्यांना बागेचा गेम लावून दिला होता. वर्षभर जीव लावून वाढवलीय. म्हणाल्या, पुढच्या रविवारी येते, तोवर झाडांना पाणी घाला.
बाग जुन्या मशीनमध्ये होती. तेच मी पुसून दिलं.

६ जून
दुकानात धावलो. दुकानदार म्हणाला, मशीन आहे, पण आत काही म्हणता काही नाही, फार स्वच्छ काम केलंत. कौतुक करतोय मेला.
बायकोला आजच सांगणार होतो. पण ती भाजी चिरत होती. हातात सुरी असताना नको.

९ जून, सोमवार
मार्ग सापडला. पोट बिघडल्याचं सांगून रजा टाकली. तश्शी बाग पुन्हा लावायची, बस्स. सासूबाईंना वयोमानाने कळायचंही नाही. हे लिहिताना लाज वाटली. तरी लिहिलं.

१२ जून
गुलाब झाले. झेंडू कुठल्या बाजूला होता? बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाली, आईची बाग कधी पाहिलीत तरी का तुम्ही? नाही पाहिली. त्या खेळायच्या तेव्हा मी फक्त, कधी उठतात, एवढंच बघायचो. चोरासारखं वाटतंय.
मशीन दिवसभर चालू. वीजबचत पुढच्या महिन्यापासून.

१५ जून, रविवार
सासूबाई आल्या. चहा बाजूला ठेवून कंट्रोलर घेतला. म्हणाल्या, जावईबापू, किती हडकुळं झालंय हो हे! बागेत फिरल्या. गुलाबांना पाणी घातलं. मला वाटलं, सुटलो.
मग गेममधल्या घराच्या मागे गेल्या. पुढे आल्या. परत मागे. मला विचारलं, आमचे हे कुठं गेले?
सासरे जाऊन तीन वर्षं झाली. मला काही समजेना. बायकोने हळूच सांगितलं. आईने गेममध्ये एक माणूस तयार केला होता, टक्कल, मिशा, हिरवा स्वेटर. मागच्या बाकावर बसवला होता. रोज त्याच्याजवळ जाऊन दिवसभराचं सांगायची. हे सांगता सांगता ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं.
सासूबाई म्हणाल्या, नव्या मशीनमध्ये यायला वेळ लागत असेल त्यांना, घाई कधी जमलीच नाही.
मी म्हटलं, हो, येतील.