राहत्या घरात मधुमेह केंद्र

दि. १२ फेब्रुवारी २००५

प्रति,
मा. अनुदान अधिकारी साहेब,
आरोग्य संशोधन साहाय्य कक्ष, पुणे.

अर्जदार : श्रीमती साळुबाई हौशीराम वाळुंज, मौजे लोणी, ता. आंबेगाव, जि. पुणे.

विषय : अर्जदाराच्या राहत्या घरात मधुमेह संशोधन केंद्र सुरू करण्यासाठी अनुदान मिळणेबाबत.

संदर्भ : मागील अर्जातील त्रुटी कळवणारे आपले पत्र.

महोदय,

आपले पत्र पोहोचले. पोस्टमन चिमाजी यांनी ते हातात देऊन "आजी, वाचून दाखवू का?" असे विचारले. अर्जदार उतारवयात साक्षरता वर्गात अक्षरे शिकलेली असल्याने तिने ते स्वतः वाचले. वाचायला दुपार गेली. आपण मागितलेला खुलासा खालीलप्रमाणे सादर आहे.

१) केंद्रासाठी जागा आहे काय, असे आपण विचारले आहे. जागा आहे. ओटी, माजघर, स्वयंपाकघर व मागे पडवी असे घर अर्जदार व तिचे पती कै. हौशीराम यांनी कांद्याच्या पिकावर बांधले. आज त्यात अर्जदार एकटी राहते व एका कोपऱ्यात झोपते. बाकीचे घर रोज झाडून तयार असते. साखर कारखाना दिवाळीला सभासदांना साखर देतो, ती पिशवी माजघरात आहे. अर्जदारालाही मधुमेह असल्याने ती उघडलेली नाही. केंद्रात येणाऱ्या साहेबलोकांच्या चहाला ती होईल.

२) संशोधन कोणत्या प्रश्नावर करणार, असेही विचारले आहे. प्रश्न असा आहे. कै. हौशीराम नवरात्रात पायात काही न घालता राहत. ही इकडची रीत आहे. तोडलेल्या उसाचे बुडखे, बाभळीचे काटे, डांबरी रस्त्याचा चटका, यांमुळे भलीभली माणसे तिसऱ्या-चौथ्या माळेला लंगडू लागतात. हौशीराम मात्र त्यांच्या शेवटच्या नवरात्रात ताठ चालत होते. विचारले तर म्हणत, "लई हलकं वाटतंय पायाला. खाली काय हाय ते समजतच नाय." शेजारीण बयाबाई म्हणाल्या, "आवो, देवीनंच पाय उचलून धरल्यात त्यांचं." ही गोष्ट गावभर झाली. दसऱ्याला रीतीप्रमाणे त्यांचे पाय धुतले, तेव्हा परातीतले पाणी लाल झाले व उजव्या टाचेतून बाटलीची काच निघाली. ती आत शिरलेली त्यांना कळलीच नव्हती. पाहणाऱ्या बायकांनी त्या पायाला हळदकुंकू वाहिले. अंधार पडेपर्यंत लोक पाया पडायला येत होते. अर्जदाराचे घर इतके भरलेले त्यापूर्वी व त्यानंतर कधी झाले नाही. मग जखमेत हळद दाबून सगळे आपापल्या घरी गेले.

पुढे टाच काळी पडली. मंचरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून "बाबा, साखर कधीपासून आहे?" असे विचारले. हौशीराम हसून म्हणाले, "ऊस घालतो वं कारखान्याला. साखर खातो कुठं?" डॉक्टरही हसले. नंतर त्यांनी अर्जदाराला बाजूला घेऊन सांगितले, की मधुमेहाने पाय केव्हाच बधिर झाले होते. ती कृपा नव्हती.

पुण्याला गुडघ्याखाली पाय कापला. त्यानंतर कै. हौशीराम दिवाळी ते संक्रांत जगले, आणि त्या काळात जो पाय नव्हता तोच त्यांना दुखत होता. "साळू, टाच ठणकती गं," असे म्हणत. अर्जदार अंथरुणावरच्या रिकाम्या जागेवर हात फिरवीत बसे. तेवढ्याने त्यांचा डोळा लागे.

तरी जो पाय असताना दुखला नाही तो गेल्यावर का दुखला, आणि दुखायचेच होते तर वेळेवर का दुखला नाही, हा संशोधनाचा विषय आहे. याहून मोठा विषय अर्जदाराला ठाऊक नाही.

३) केंद्राचे प्रमुख उच्चशिक्षित असावेत, ही अट वाचली. अर्जदाराच्या ओळखीत तसे कोणी नाही. उपकेंद्राच्या नर्सबाई शीला यांचे नाव सुचवते. अर्जदाराची साखर निघाली तेव्हापासून त्या दर गुरुवारी येत, ओटीवर बसून अर्जदाराचे पाय मांडीवर घेत, बोटांच्या बेचक्यांत पाहत आणि "आजी, काय या भेगा! नांगरट झालीय, आता कांदा लावा," अशी चेष्टा करीत. त्यांची बदली जुन्नर तालुक्यात झाली. नव्या बाईंकडे पुष्कळ वाड्या आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. शीलाबाई परत मिळत असतील तर उच्च शिक्षणाची अट शिथिल व्हावी.

४) आपण रुग्णांची संमतिपत्रे मागितली आहेत. अर्जदार घरोघर फिरली. मंचरच्या औषधांच्या दुकानात जे लोक अर्जदाराला रांगेत भेटतात, तेच गावात म्हणतात, "आमाला नाय बाबा तसलं काय." पोरीबाळींच्या सोयरिकीत आडवे येईल, ही भीती आहे. बयाबाईंनी तर उंबऱ्यातूनच सुनावले, "साळुबाई, तुला बसल्या जागी उद्योग न्हाई, म्हून आमची नावं कागदावर घालती व्हय?" पूर्वी त्या असे बोलत नसत. संध्याकाळी येऊन बसत. संमतिपत्रे मागितल्यापासून येत नाहीत. सबब तूर्त केंद्रास एकच रुग्ण आहे, ती म्हणजे अर्जदार.

५) हे कलम आपल्या पत्रात नाही, तरी लिहिणे भाग आहे. या थंडीत अर्जदाराच्या डाव्या पायाला फरशीचा गारवा लागला नाही. चप्पल रस्त्यात निसटते, ते घरी आल्यावर पायाकडे पाहून कळते. डॉक्टरांनी रोज कोणाकडून तरी तळपाय पाहून घेण्यास सांगितले आहे. कोणाकडून, ते चिठ्ठीवर लिहिलेले नाही. मुलगा आदेश पिंपरीला कंपनीत असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, आरसा धर ना पायाखाली." आरसा आणला. परंतु गुडघा वळत नाही, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि आरशात दिसतो तो पाय कोणा परक्या बाईचा वाटतो. आदेश तिकडे राहायला बोलावतो. अर्जदार जाऊन आली. नवरा-बायको कामावर जाताना दार ओढून घेतात, आणि दमून आलेल्या सुनेच्या पुढ्यात पाय करायला जीव धजत नाही.

सबब विनंती, की अनुदान पूर्ण मंजूर व्हावे. पूर्ण शक्य नसल्यास यंत्रसामग्री वगळावी. तरीही शक्य नसल्यास उद्घाटन व पाटी वगळावी. काहीच शक्य नसल्यास आठवड्यातून एकदा एक माणूस पाठवावे. शिकलेले नसले तरी चालेल. त्याला चांगले दिसत असावे, व पाय पाहून झाल्यावर त्याने लगेच उठू नये.

आपला निर्णय काहीही झाला तरी तो पत्राने कळवावा. अर्जदार वाचू शकते.

आपल्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून असलेली,
साळुबाई हौशीराम वाळुंज
(सही अर्जदाराने स्वहस्ते केली आहे.)

सोबत :
१. आपल्या त्रुटीपत्राची प्रत.
२. घराचा उतारा.
३. कै. हौशीराम यांचे पुण्याच्या दवाखान्यातील कागद.
४. अर्जदाराच्या दोन्ही तळपायांचे शाईचे ठसे. ग्रामपंचायतीतून शाई आणून कागदावर उभे राहून घेतले आहेत. डाव्या टाचेच्या ठशात एक जागा कोरी राहिली आहे. ती शाई कमी पडल्याने राहिली की तेथे काही झाले आहे, हे कृपया पाहून कळवावे.